बारा माणसं, आठ रविवार: तालुक्याच्या गावातली लेखन कार्यशाळा

एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या ग्रंथपाल ताईंनी विचारलंय: "आमच्याकडं लिहायची इच्छा असलेली दहा-बारा मोठी माणसं आहेत. शिक्षक, दोन-तीन गृहिणी, एसटीचे एक वाहक, एक अंगणवाडी ताई, शेती करणारे दोघं. कार्यशाळा एक दिवसाची घ्यावी की जास्त? व्याख्यानाला कुणाला बोलवावं? एकमेकांच्या लेखनावर कसं बोलावं, म्हणजे कुणी दुखावणार नाही आणि उपयोगही होईल? आणि पहिल्या दिवशी मी काय बोलू?"

ताई, सोळा वर्षांपूर्वी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना पहिली कार्यशाळा घेतली, तिच्यापासून सुरुवात करते. मंगल कार्यालय, मागे बॅनर, ऐंशी माणसं, शहरातून आलेले नामवंत पाहुणे. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ आणि मग पाहुण्यांचं पावणेतीन तासांचं भाषण. जेवण झालं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. संध्याकाळी सतरंज्या गुंडाळताना एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी नवी वही आणली होती. लिहायचं कधी होतं?"

त्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी एक दिवसाची कार्यशाळा घेत नाही आणि पहिल्या पाच बैठकांत पाहुणा बोलवत नाही. कार्यशाळेत लिहिणं त्याच खोलीत, सगळ्यांच्या समोर झालं पाहिजे आणि लिहिलेलं पुन्हा लिहून परत त्याच खोलीत आलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट जिथं होत नाही, तिथं माणसं खूश होऊन घरी जातात, पण त्यांचं लिहिणं होतं तिथंच राहतं.

म्हणून मी आठ रविवार म्हणते. हिशोब साधा आहे. बैठक अडीच तासांची, म्हणजे 150 मिनिटं. जमायला, चहाला, इकडच्या तिकडच्या बोलण्याला वीस. खोलीत बसून लिहायला पंचवीस. ते लगेच वाचायला तीस. उरली पंचाहत्तर मिनिटं. त्यात तिघांच्या घरून लिहून आणलेल्या मजकुरावर नीट बोलता येतं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. बारा माणसं असतील तर चार रविवारांत प्रत्येकाची एक पाळी होते, आठ रविवारांत दोन. पहिल्या पाळीत पहिला खर्डा, दुसऱ्या पाळीत त्याच मजकुराचा दुसरा खर्डा. दुसऱ्या पाळीला बहुतेकांना नवीन काहीतरी आणायचं असतं. आणू देऊ नका. तोच मजकूर हवा, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

वेळ दुपारी दोन ते साडेचार. बायकांचं जेवणखाण आवरलेलं असतं, संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब असतो आणि खेड्यावरून येणाऱ्यांना परतीची एसटी मिळते. गावचा आठवडी बाजार रविवारी भरत असेल तर दिवस बदला. हंगामही बघा. मृगापासून पेरणीची घाई, सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची काढणी, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. श्रावण-भाद्रपद किंवा डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात मोकळे. बीड जिल्ह्यात एका गटातले दोन तरुण कोयत्यावर जाणारे होते, म्हणून आम्ही बैठका नागपंचमीनंतर लगेच सुरू केल्या आणि त्यांच्या दोन्ही पाळ्या ते निघायच्या आधी उरकल्या. त्यातल्या एकानं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर लिहिलेली चार पानं माझ्याकडं अजून आहेत.

आता पहिल्या खर्ड्याबद्दल. पहिल्या आठवड्यात जे येईल ते ओळखीचं असेल. सूर्य मावळतीला झुकलेला असेल. गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं असेल. आई वात्सल्यमूर्ती असेल आणि बाप काबाडकष्ट करणारा. ही माणसं खोटं लिहीत नसतात. शाळेत निबंधाला ज्या वाक्यांना गुण मिळाले, ती वाक्यं हात आपोआप लिहितो. मी स्वतः पस्तीस वर्षं तसल्या निबंधांना गुण दिले, म्हणून मला हे ठाऊक आहे. ही सवय उपदेशानं मोडत नाही, कामानं मोडते.

माझा सगळ्यात भरवशाचा सराव असा: तुम्ही रोज करता ते एक काम, पहिल्या हालचालीपासून शेवटच्या हालचालीपर्यंत लिहा. भावना नको, मत नको, फक्त काम. "मला लिहिता येत नाही" म्हणणारा माणूससुद्धा हे लिहितो, कारण इथं जाणकार तोच असतो. एका वाहकांनी रात्री आगारात पैसे भरण्याचं काम लिहिलं: फाटक्या नोटा वेगळ्या काढणं, दहा-दहाच्या नाण्यांच्या चळती लावणं, दोन रुपये कमी पडले की आधी खिसा चाचपणं आणि मग स्वतःच्या पाकिटातून भरणं. दीड पान. त्यात "प्रामाणिक" हा शब्द कुठंच नव्हता. ते वाचून झाल्यावर खोलीतल्या सगळ्यांना तो माणूस कळला होता.

लातूरच्या पाण्यावरही हाच सराव केला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाच्या दिवसांवर सगळ्यांना लिहायचं होतं आणि सगळेच "पाणी हेच जीवन" इथून सुरुवात करत होते. मी सांगितलं, टँकर गल्लीत शिरल्यापासून तुमचा शेवटचा हंडा घरात जाईपर्यंत काय काय झालं तेवढंच लिहा. कुणाचा नंबर कुणी धरला, पाइप कुणाच्या हातात होता, भांडी कोणत्या क्रमानं भरली, अंगावर सांडलेलं पाणी कशानं टिपून घेतलं. तेव्हा कुठं लेखन सुरू झालं.

दुसरा सराव शब्दबंदीचा. फळ्यावर सात शब्द लिहिते: प्रेम, माया, आनंद, दुःख, आठवणी, संस्कार, बालपण. हे न वापरता येळवशीवर लिहायचं. लातूर, धाराशिव, नांदेडकडं मार्गशीर्षातली वेळ अमावस्या म्हणजे येळवस. गाव ओस पडतं आणि रानं भरतात. एका बाईंच्या पहिल्या खर्ड्यात "आजीच्या मायेचा ओलावा" होता. शब्दबंदीनंतर त्यांनी लिहिलं की कडब्याच्या कोपीत मांडलेल्या दगडांच्या पांडवांपुढं निवद ठेवायच्या आधी आजी पिठाचा एक उंडा गुपचूप त्यांच्या हातावर ठेवायची आणि तोंडावर बोट ठेवायची. देवाच्या आधी नातीला. गटातली एक आजी हे ऐकून डोळ्याला पदर लावून बसली. आणि लिहिणाऱ्या बाई आश्चर्यानं म्हणाल्या, "हे तर मला ठाऊकच होतं, लिहायचं असतं हे ठाऊक नव्हतं."

वयस्कर बाया असतील तर जात्यावरच्या ओव्यांना वेळ द्या. गंगाखेडच्या जनाबाईचा हा मुलूख. दळता-कांडता रचणं इथं नवं नाही. ज्या बाईला "मी अडाणी" वाटतं, तिला चाळीस ओव्या येतात आणि त्यातल्या निम्म्या तिनं स्वतः जुळवलेल्या असतात. पहिली ओळ ठरलेली, दुसरीत आपल्या भावाचं, गावाचं, सासरचं नाव बसवायचं. रचना म्हणतात ती हीच. आधी ओव्या म्हणायला लावा, मग विचारा, "ही कधी जुळवली? जात्याच्या समोर कोण होतं?" तिला लिहिता येत नसेल तर शेजारची लिहून घेईल. लेखन कार्यशाळेत अक्षर न येणारा माणूस बसू शकतो, हे मी ठामपणे म्हणते.

बोलीचा प्रश्न दुसऱ्याच रविवारी येईल. उदगीरकडच्या एका शेतकरी भावांनी गोष्ट आणली होती. त्यात बांधावरचा गडी विचारतो, "तू काय करत आहेस?" मी म्हटलं, मोठ्यानं म्हणून दाखवा, तुमच्या गावात कसं विचारतील? ते लाजले आणि म्हणाले, "काय करूलालास रं?" बाकीचे हसले. त्यांचं हसणं टिंगलीचं नव्हतं, ओळखीचं होतं. पण लिहिणाऱ्याला ते टिंगलीचं वाटलं, त्याच्या कानाची पाळी लाल झाली. अशा क्षणी मार्गदर्शकानं गप्प राहू नये. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि कागदावर तसंच लिहायला सांगितलं.

गटातल्या शिक्षकांना हे जड जातं. शुद्धलेखनाची काळजी त्यांच्या अंगात भिनलेली असते, ती चुकीचीही नाही. त्यांना आठवण द्या की साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांवर आपण मुलांचे पेपर तपासतो, त्या नियमांतच पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहायला मुभा आहे. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या स्वच्छ प्रतीत बघायचं. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवायचा नाही, शिक्षकांनीसुद्धा. मात्र बोली म्हणजे हशा पिकवायचं साधन, असं कुणी लिहायला लागलं तर थांबवा. म्हातारी बोलीत बोलते आणि तिचा शिकलेला मुलगा गंभीर विचार फक्त प्रमाण मराठीत करतो, असं असेल तर विचारा, म्हातारी विचार कशात करते? देगलूर-बिलोलीकडं तेलुगू शब्द येतील, उदगीर-निलंग्याकडं कानडी येतील, मुसलमान शेजाऱ्याच्या तोंडी दखनी येईल. येऊ द्या. तळटीप नको, चांगल्या वाक्यात अर्थ आजूबाजूनं कळतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, एकमेकांच्या लेखनावर बोलायचं कसं. कार्यशाळा टिकते किंवा मोडते ती इथंच.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. तिच्यामुळं जगभर पसरलेली रीत अशी: मजकुरावर बाकीचे बोलतात तेव्हा लेखकानं गप्प बसायचं. तिच्यात शहाणपण आहे. लेखक खुलासे करत बसला तर ऐकणारे कागदाऐवजी खुलाशावर बोलायला लागतात. पण मी काही वर्षं ती जशीच्या तशी वापरली आणि मला ती आपल्याकडं पुरती पटली नाही. जी बाई सासू, नवरा, भाऊबंद यांच्यापुढं तीस वर्षं गप्प बसली, ती मोठ्या धीरानं चार पानं घेऊन येते आणि इथंही तिला आपण गप्प बस म्हणतो. म्हणून मी बदल केला. मजकूर वाचायच्या आधी लेखकानं गटाला दोन प्रश्न विचारायचे. "नणंद वाईट वाटते का? मला ती तशी नकोय." किंवा "शेवट आधीच कळतो का?" मग ऐकायचं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा त्याची.

वाचन दोनदा करायचं. आधी लेखक वाचतो, मग तोच मजकूर दुसरा कुणीतरी वाचतो. ही दुसऱ्यानं वाचण्याची रीत मला फार उशिरा सुचली आणि तिच्याइतकं दुसऱ्या कशानं शिकवलेलं मी पाहिलेलं नाही. लेखक स्वतः वाचतो तेव्हा कागदावर नसलेलंही आवाजातून भरून काढतो. दुसरा वाचतो तेव्हा तो जिथं अडखळतो, जिथं चुकीच्या जागी श्वास घेतो, जिथं दुःखाच्या ओळीवर त्याचा आवाज कोरडाच राहतो, ते सगळं लेखकाला ऐकू येतं. अनेकदा वाचन संपायच्या आतच लेखक पेन काढून खुणा करायला लागतो. त्यानंतरच्या चर्चेची निम्मी गरजच उरत नाही.

मग एक मिनिट शांतता. खरोखर घड्याळ लावून. त्यानंतर प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं: कागद न बघता मला काय आठवतंय. एक शब्द, एक वस्तू, एक वाक्य. बाराजणांपैकी नऊजणांना तीच एक ओळ आठवली तर लेखकाला कळतं की मजकुराचा जीव कुठं आहे. आणि ज्या परिच्छेदावर त्यानं सगळ्यात जास्त मेहनत घेतली तो कुणालाच आठवला नाही, तर तेही कळतं, कुणी वाईट न बोलता. नंतर दुसरी फेरी: मी कुठं वाट चुकलो. "हा कोण बोलतोय कळलं नाही", "मध्येच दहा वर्षं गेली का?" असं. उपाय सुचवायचे नाहीत. "तिथं एक पाऊस टाका" असली सूचना आली की मजकूर सूचना देणाऱ्याचा होतो.

"छान" आणि "अप्रतिम" या शब्दांना आमच्याकडं बंदी आहे. टाळ्यांनाही. हे कडक वाटेल, पण टाळी मिळाली की माणूस दुसरा खर्डा लिहीत नाही.

आणखी एक बंधन अगदी सुरुवातीपासून पाळा. चर्चेत "तुम्ही" म्हणायचं नाही. "तुमच्या नवऱ्यानं असं केलं" नाही. "यातल्या बाईचा नवरा असं करतो". तालुक्याच्या गावात प्रत्येकजण प्रत्येकाच्या घरातलं ओळखतो. एखाद्या बाईनं दारूवर लिहिलं तर खोलीतले सगळे मनात तिच्या घराकडं बघतात. "यातली बाई" हे दोन शब्द तिला पडद्यासारखे उपयोगी पडतात आणि गोष्टीलाही पडतात, कारण मग ती घडलेल्याला बांधलेली राहत नाही. कागद खोलीबाहेर जात नाहीत, वाचनाचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, व्हॉट्सॲपचा गट फक्त वेळ आणि तारीख कळवायला. एकदा एका सहभागी ताईंची कविता कुणीतरी कौतुकानं पुढं पाठवली आणि दोन दिवसांत ती त्यांच्या दिराच्या मोबाइलवर पोचली. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्याची जबाबदारी मी माझ्यावर धरते. नियम आधी सांगायला हवा होता.

गट एकाच आळीचा, एकाच जातीचा होऊ देऊ नका. आपोआप होतो, म्हणून मुद्दाम जाऊन बोलवावं लागतं. आमच्या एका गटात दोघांनी जानेवारी 1994 वर लिहिलं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं त्या दिवसांवर. एकाच्या कागदावर निळा गुलाल आणि रात्रभर न झोपलेली वस्ती होती. दुसऱ्याच्या कागदावर लवकर ओढलेलं दुकानाचं शटर आणि "बाहेर जाऊ नको" म्हणणारे वडील. वाद पेटायला एक वाक्य पुरलं असतं. मी चर्चा मतांकडं जाऊ दिली नाही. दोघांनाही तपशील मागितले. वडील नेमकं काय म्हणाले? गुलाल कुणी आणला होता? दुसऱ्या खर्ड्यात दुकानदाराच्या मुलानं शटरच्या फटीतून दिसलेली मिरवणूक लिहिली. फटीतून त्याला त्याच्याच वर्गातला मित्र नाचताना दिसला होता, हे पहिल्या खर्ड्यात नव्हतं.

जखमेच्या लेखनाबद्दल सांगायलाच हवं, कारण मराठवाड्यात ते येतंच. "आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दुःखावर लिहा" असा सराव कधीही देऊ नका. औसा तालुक्यातल्या एका गटाला मी सांगितलं होतं, लहानपणीच्या घराचा नकाशा काढा आणि दारातून आत या. पन्नाशीकडं आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी घराचे खण काढले, दगडमातीच्या जाड भिंती काढल्या, आणि वडील दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती कशी पसरायचे ते लिहिलं. मजकूर 29 सप्टेंबर 1993 च्या रात्री थांबला: विसर्जनाहून आल्यावर खुंटीला टांगलेले ओले कपडे. त्या पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एका तरुण मुलानं विचारलं, "पुढं?" मी त्याला हातानंच थांबवलं. चार आठवड्यांनी दुसरा खर्डा आला. त्यातही भूकंप नव्हता. फक्त नकाशात एक भर होती, त्या रात्री कोण कोणत्या खणात झोपलं होतं. त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही आणि तो मजकूर तसाच पुरा आहे असं माझं आजही मत आहे.

कुणालाही वाचायची सक्ती नको. "आज नाही" एवढं म्हणणं पुरेसं असावं. बैठकीनंतर अशा माणसाबरोबर स्टँडपर्यंत चालत जा. ज्या घरात कर्जापायी आत्महत्या झाली आहे, त्या घरातलं कुणी लिहीत असेल तर जास्त जपा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लावून ठेवा. आपण समुपदेशक नाही, हे विसरू नये.

खर्चाचं थोडक्यात. दोन-दोन पानांच्या मजकुराच्या बारा प्रती, तिघांच्या, म्हणजे बैठकीला 72 झेरॉक्स. आठ बैठकांसाठी माणशी दोन-तीनशे रुपये घेतले तर झेरॉक्स आणि चहा भागतो. फुकट ठेवू नका, फुकटाला तिसऱ्या रविवारी गळती लागते. ज्याला जड जाईल त्याचे गुपचूप सोडा. हात चालत नसेल त्यांना मोबाइलवर बोलून टाइप करायला शिकवा, वाहकांना आणि शेतकऱ्यांना ते फार सोयीचं पडतं. पाहुणे लेखक बोलवायचेच असतील तर सहाव्या रविवारी, आणि अट एकच: भाषण नको, स्वतःच्या एखाद्या गोष्टीचा खाडाखोड केलेला कागद आणा. ज्यांनी आणला त्यांच्याकडून गट खूप शिकला.

"पुस्तक कधी काढायचं?" हे तिसऱ्या रविवारी कुणीतरी विचारेल. आमच्या एका काकांनी चाळीस हजार रुपये एका प्रकाशकाला दिले, तीनशे प्रती घरी आल्या, त्यातल्या दोनशे अजून दिवाणाखाली आहेत. पैसे भरण्याआधी माणसांना हे माहीत असावं की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर उठून यावं. लिहिलेल्यावर कॉपीराइट लिहिल्याक्षणीच असतो, नोंदणी केली नाही तरी. आणि तो लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षं राहतो. करारात तो कायमचा लिहून देऊ नये. आधी दिवाळी अंकांकडं पाठवा. बऱ्याच संपादकांना मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली कार्यशाळा त्या हिशोबानंही बरी. आठव्या रविवारी मात्र हस्तलिखित अंक करा. प्रत्येकानं आपला दुसरा खर्डा स्वतःच्या अक्षरात उतरवायचा, शिवून घ्यायचा, आणि दाखल नोंदवहीत क्रमांक टाकून तुमच्याच वाचनालयात ठेवायचा. लोक तो मागून वाचतात, मी पाहिलंय.

आणि पहिल्या दिवशी काय बोलायचं? स्वागत दोन वाक्यांत करा. सतरंजीवर गोल बसवा, खुर्च्या लावल्या की पुढची रांग आणि मागची रांग तयार होते. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि सांगा: "आज सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत तुमच्या कानावर पडलेलं कुणाचंही एक वाक्य, जसं बोललं गेलं तसं लिहा. मग ते कुणी म्हटलं आणि तेव्हा त्याच्या हातात काय होतं ते लिहा. दहा मिनिटं." तुम्हीही त्यांच्यात बसून लिहा. दहा मिनिटांनी डावीकडून वाचायला सुरुवात करा, आणि तुमचा कागद सगळ्यात आधी वाचा.